नळीवर छपाईच नव्हती, तरी मी पैसे दिले

₹१,१८,४००. दोन एकर द्राक्षाच्या ड्रीपवर मी एवढे घातले, आणि आज त्या बागेत सहाशे खुंट, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधायचं ती रोपं, पेन्सिलीएवढेही जाड नाहीत. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतो, कारण लागवडी पुन्हा तोंडावर आल्यात.

ड्रीप विकणारा माणूस मेव्हण्याच्या ओळखीचा. "दाजी, अनुदानाचं माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त आधार आणि सातबारा द्या." ४०,००० फोनवरून पाठवले, ७८,४०० रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर "अनुदान जमा झालं की देतो." मी काही नवखा नाही, बारा वर्षं द्राक्ष करतोय. पण डॉगरीज जातीच्या खुंटाची रोपं नर्सरीतून येऊन सावलीत पडली होती, ऊन रोज वाढत होतं. किती दिवस थांबणार?

बंडल सोडताना नळी मुडपली आणि घडीवर पांढरी रेघ उठली. वास जळक्या प्लास्टिकचा. वर ना कंपनीचं नाव, ना आयएसआयचा शिक्का. मुलगा म्हणाला, "पप्पा, यावर काहीच छापलेलं नाही." मी त्यालाच गप्प केलं, पाहुण्यासमोर वाद नको म्हणून. त्या दिवशी बंडलं गाडीत परत घालायला लावली असती तर! रोज हेच मनात येतं.

ड्रीपर ताशी ४ लिटरचा सांगितला होता. म्हणजे १५ मिनिटांत १ लिटर पडायला हवं. एप्रिलमध्ये बाटल्या लावून मोजलं: सबमेनजवळ, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाजवळ, १,३०० मिली, शेवटच्या झाडाला ३५०. ही मोजणी पैसे देण्याआधी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. आमची जमीन काळी. पुढच्या झाडांच्या बुडात चिखल, पानं पिवळी, पांढरी मुळी कुजलेली, आणि मागे शेंडे थांबलेले. पाणी वाढवलं की पुढची बुडतात, कमी केलं की मागची सुकतात. खतही त्याच पाण्यातून जातं, म्हणजे मागच्यांची उपासमार दुहेरी. सप्टेंबरला कलमाची टोळी आली, मागचे सहाशे खुंट बारीक म्हणून त्यांना हात न लावता गेली. कलम नाही तर खोड नाही, तारेवर जाणारा आडवा ओलांडा नाही. अख्खं वर्ष गेलं.

अनुदानाचा तर अर्जच केलेला नव्हता. कृषी कार्यालयात सांगितलं, पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली, आता काही होत नाही. नियम मान्य. पण भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्याची नळी गावोगाव विकली जाते, ते बघायचं कुणी? तर मलाच विचारतात, "तुम्ही घेतलीच कशाला?" साहेब आज मीटिंगला, उद्या पाहणीला, चार चकरा झाल्या. पोलीस म्हणाले दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. वकिलाचा पहिला प्रश्न, बिल कुठंय? फसवलं त्याने, आणि आरोपीसारखा प्रत्येक टेबलापुढे उभा मी.

अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज स्वतःच्या मोबाईल नंबरवरून भरा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत एक रुपया सोडू नका. रोख तर कुणालाच नको, सख्ख्या भावाने ओळख दिली तरी. नळीवर छापलेला सीएम/एल नंबर, म्हणजे आयएसआयचा परवाना क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा.

उसनवारी करून गेल्या आठवड्यात नव्या लॅटरल, म्हणजे ड्रीपच्या नळ्या, आणल्या, ₹५२,३०० ला, पक्क्या बिलावर. मुलाने प्रत्येक बंडलाचा नंबर तपासला, मगच माल ट्रॅक्टरमधून खाली घेतला.