‘लाइफटाइम फ्री’ टीव्ही बॉक्स: ११,४९८ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

सांगलीत विश्रामबागच्या एका मंगल कार्यालयात दिवाळीआधी प्रदर्शन-विक्री लागली होती. तिथल्या एका स्टॉलवरून आम्ही अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतला, म्हणजे जुन्या टीव्हीला जोडून नेटवरची ॲप्स आणि चॅनेल दाखवणारं खोकं. बॉक्सचे ६,४९९, ‘लाइफटाइम रिचार्ज’चे ३,००० आणि नंतर ‘सर्व्हर बदललाय’ म्हणून उकळलेले १,९९९. एकूण ११,४९८ रुपये. आता स्टॉल नाही, फोन लागत नाही. असले प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. तरी लिहितेय, कारण हीच माणसं पुढच्या सणाला मिरजेत, तासगावात, कराडात दुसऱ्या नावाने स्टॉल लावणार.

आम्ही काही डोळे मिटून घेतला नव्हता. आमचा टीव्ही जुना आहे, एचडीएमआयचं भोक आहे पण नेट नाही. चित्र अजून छान दिसतं, मग नवा कशाला घ्यायचा? सासूबाईंना कीर्तन आणि जुने मराठी सिनेमे हवेत, मुलाला क्रिकेट. मोठ्या कंपनीची स्टिकही आम्ही पाहिली होती. फायदा असा की जुना टीव्ही स्मार्ट होतो, रिमोट सोपा, केबलवाल्याची कटकट नाही. तोटा असा की स्वस्तातल्या स्टिकमध्ये रॅम एक जीबी आणि स्टोरेज आठ जीबी, आणि प्रत्येक ॲपचे पैसे वेगळे. स्टॉलवरच्या खोक्यावर लिहिलेलं होतं आठ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ८के. वर सगळी चॅनेल्स कायमची. संसार करणारी कुठलीही बाई असाच हिशेब मांडेल, आणि मी मांडला त्याची मला लाज वाटायचं कारण नाही. लाज त्यांना वाटली पाहिजे.

पण एक क्षण डोक्यातून जात नाही. स्टॉलवरच्या पोराने बॉक्स चालू केला, ॲप टाकायला घेतलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत धोक्याची सूचना आली. तो म्हणाला, “वहिनी, हे प्ले प्रोटेक्ट बंद करावं लागतं, नाहीतर चॅनेल अडकतात. सगळ्यांच्या घरी असंच करतो.” आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने ते बंद केलं. गूगलने दिलेला पहारा विकणारा माणूसच काढून टाकतो, तिथेच मी बॉक्स खाली ठेवायला हवा होता. मागे रांग होती, सासूबाई खुर्चीवर बसून कंटाळल्या होत्या, आणि समोर मोराच्या पिसाऱ्याचा इतका सुंदर व्हिडिओ चालू होता की माणूस बघतच राहील. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालू होता हे नंतर भाच्याने सांगितलं. स्टॉलवर डेमो बघाल तर त्यांच्या पेनड्राइव्हवरचा बघू नका. स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडायला लावा आणि तुमच्या आवडीचं काहीतरी लावून दाखवायला सांगा.

क्यूआर स्कॅन केल्यावरसुद्धा फोनवर स्टॉलचं नाव न येता कुठल्या तरी माणसाचं नाव आलं होतं. विचारलं तर “आमचे शेठ आहेत” म्हणाला. पावतीवर जीएसटी नंबर नाही, पत्त्याच्या जागी नुसतं ‘सांगली’.

काही आठवडे बरं चाललं. मग एकेक चॅनेल बंद पडायला लागलं. तेव्हा ते १,९९९ मागितले आणि आम्ही भरले, कारण ३,००० आधीच अडकले होते. त्यानंतर सगळंच बंद. नेटफ्लिक्स लावलं तर चित्र धुरकट. असल्या बॉक्सला त्या कंपन्यांची मान्यता नसते, म्हणून हाय डेफिनिशन मिळतच नाही, मग खोक्यावर ८के लिहा नाहीतर काही लिहा. भाच्याने तपासणीचं ॲप टाकलं तर रॅम निघाली दोन जीबी. सेटिंगमध्ये मात्र आठच दिसते, आकडा खोटा दाखवायची सोय आतच करून दिलेली असते. आणि हिशेब बघा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये टीव्हीवर चालणारा बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ रुपयांवर आणला. त्या ३,००० रुपयांत पंधरा महिने रीतसर बघून झालं असतं.

पैशापेक्षा वाईट पुढे आहे. घरातलं वायफाय रात्री बॉक्स बंद असतानाही रेंगाळायचं, आणि माझ्या गूगल खात्यात परदेशातून लॉगिन झाल्याची सूचना आली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बिननावाच्या टीव्ही बॉक्समध्ये विषारी सॉफ्टवेअर विकण्याआधीच भरलेलं असतं किंवा ॲप टाकताना घुसतं, आणि तुमच्या घरच्या नेटवरून गुन्हेगार आपली कामं करतात. ओळखायच्या खुणा त्यांनी दिल्या त्यात फुकट चॅनेलचं आमिष आहे आणि प्ले प्रोटेक्ट बंद करायला लावणं आहे. पुढच्याच महिन्यात गूगलने हे जाळं चालवणाऱ्या टोळीवर खटला भरला, बाधित उपकरणं एक कोटीहून जास्त. असला बॉक्स घरात असेल तर आजच नेटवरून काढा, गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरून त्याला हाकला, वायफायचा पासवर्ड बदला. बँकेचं ॲप ज्या ईमेलवर आहे तो ईमेल टीव्हीत टाकूच नका.

आता तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तुम्ही स्वतः पैसे पाठवले, वस्तू मिळाली, मग सायबर फसवणूक कशी, म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो तर “हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.” बॉक्समधून माझ्या खात्यात कोणी शिरलं हेही दिवाणी का? त्याला उत्तर नाही. वर एकजण म्हणाला, “फुकटचं बघायला गेलात की असं होतंच.” फुकटचं? साडेअकरा हजार मोजलेत आम्ही! कंपन्यांशी करार आहे असं सांगून विकलं त्यांनी. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. मग ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं केवायसी करून खातं कुठल्या तरी बँकेनेच उघडलंय ना? त्याचा पत्ता पोलिसांना मागता येतो, पण मागायचा कुणी? कार्यालयाचे मालक म्हणतात, आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तोच कुणी देत नाही. प्रत्येकजण पुढच्या दारात ढकलतो आणि तोवर ते लोक गाव बदलतात.

घ्यायचाच असेल तर खोक्यावर आणि ॲडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ नंबर बघा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथेच टाकून तपासा. विकणारा घाई करायला लागला तर निघून या. ‘लाइफटाइम’ असं म्हणाला तरी निघून या.

त्या प्रदर्शनात बॉक्स घेतलेली अजून काही घरं आम्हाला सापडली आहेत, एक माधवनगरला, एक कुपवाडला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तशी आम्ही करणार आहोत. तुमच्याकडेही तोच बॉक्स असेल तर फेकू नका. खोकं, पावती आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव आमच्या स्क्रीनशॉटवरच्या नावाशी ताडून बघायला पुढे या.