पावसाआधी बदललेली कूलिंग सिस्टीम: नऊ महिन्यांचा आणि 13,000 किलोमीटरचा अनुभव

गाडी 2.2 लिटर डिझेल एसयूव्ही, वय अकरा वर्षं, मुक्काम रत्नागिरी. बहुतेक फेऱ्या आंबा घाटातून कोल्हापूरला आणि किनाऱ्याने गुहागरकडे. मे महिन्यात रेडिएटर, वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप), थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप), वरचा-खालचा होज (रबरी नळी), हीटरचे दोन पाइप, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीचं झाकण आणि सगळ्या क्लिपा बदलल्या. सर्वांत महाग पडला रेडिएटर, पण सर्वांत जास्त फरक पडला तो झाकणाने आणि क्लिपांनी.

तक्रार नेहमीचीच होती: महिन्याला पाव ते अर्धा लिटर कूलंट कमी आणि जमिनीवर एक थेंब नाही. अशा वेळी 'इंजिन पाणी खातंय, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं' असं पटकन सांगितलं जातं. पण गरम धातूवर पडलेलं कूलंट लगेच उडून जातं आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खरखरीत पापडी राहते, म्हणून ओलीपेक्षा ती पापडी शोधायची. खालचं गार्ड काढल्याशिवाय शोध सुरूच करू नये. गळती पुढे असते, पाणी गार्डवरून वाहत मागे येऊन गिअरबॉक्सखाली ठिबकतं आणि बघणारा भलतीकडेच बघत बसतो.

खरा उपयोग झाला प्रेशर टेस्टरचा. हा हातपंप झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर 1.1 छापलेलं असेल तर तेवढाच बार, म्हणजे सुमारे 16 पीएसआय दाब द्यायचा, जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. ही चाचणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी करा. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि सैल क्लिपसुद्धा घट्ट बसल्यासारखी वागते; थंड झाल्यावर तोच सांधा पाझरतो. गरम गाडी गॅरेजमध्ये नेऊन 'काही गळत नाही' हे उत्तर मिळतं ते यामुळेच. या गाडीत दोन जागा सापडल्या: रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला दुमडून बसवलेली असते तो सांधा, आणि वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक. या भोकाखाली सुकलेला ओघळ दिसला की आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवणारे आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पुढे बेल्टसकट सगळं हातात येतं.

दाब टिकत नाही आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर आतल्या जागा बघायच्या. डिझेलमध्ये हेड गॅस्केटच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) तपासा. तो आतून फुटला की कूलंट इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) जातं, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो, पण ऑइल स्वच्छ राहतं. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळत असेल तर डाव्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. पावसाळ्यात इथे हमखास फसगत होते, कारण एसीची नळी तुंबली तरी गालिचा तिथेच भिजतो. बोटांवर चोळून बघा: एसीचं पाणी साधं असतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि काचेवर तेलकट धुकं धरतं.

जुना रेडिएटर काढल्यावर पुढच्या एसी कंडेन्सरमध्ये आणि त्याच्यामध्ये लाल मातीचा, पेंढ्याचा आणि किड्यांचा जाड थर होता. बाहेरून हा थर दिसत नाही. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात. किनाऱ्यावरच्या गाडीत त्या पात्या खाऱ्या वाऱ्याने आधीच कुजलेल्या असतात, बोट लावलं तर भुगा होतो. दाभोळ–धोपावे फेरीबोटीने वारंवार जाणाऱ्यांनी घरी येऊन पुढची जाळी गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे.

थर्मोस्टॅट नवा असला तरी बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, या गाडीत 82 अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. त्यावरची हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर हवा अडकते. आवळताना एम6 (6 मिमी) बोल्टला 9–10 न्यूटन मीटर जोर, एम8 ला साधारण 20–25. ॲल्युमिनियमच्या घरात 'अजून थोडं' केलं की आटे गेले. ड्रेन प्लग प्लॅस्टिकचा, तो हातानेच.

कूलंट भरताना जवळजवळ सगळे हिशेबात चुकतात. क्षमता 9 लिटर, पण रेडिएटर उघडल्यावर बाहेर येतं 6 लिटर. बाकी 3 इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं. पाण्याने धुतल्यावर ते 3 लिटर पाणीच असतं. त्यावर तयार 50:50 मिश्रण 6 लिटर ओतलं की प्रमाण 33 टक्क्यांवर येतं. इथे गोठण्याची भीती नाही, पण गंजविरोधी रसायनंही तेवढीच पातळ होतात. म्हणून आधी न मिसळलेलं कूलंट 4.5 लिटर, मग डिस्टिल्ड वॉटर दीड लिटर. धुण्यासाठीही डिस्टिल्डच वापरा. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी तर अजिबात नको, त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला आतून खड्डे पाडतं. रंग बघून कूलंट निवडू नका, रंगाचा काही ठरलेला नियम नाही. गाडीच्या पुस्तकातला प्रकार घ्या.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन 1,500 आरपीएमवर आणि वरचा होज हाताने दाबत राहायचं. बाटलीतले बुडबुडे थांबून हीटरची हवा गरम आली की झालं. पहिल्या दोन आठवड्यांत पातळी बोटभर उतरली, ती अडकलेली हवा. दुसऱ्या दिवसापासून थंड इंजिनावर भर घालत जावं. त्यानंतर नऊ महिन्यांत एकदाच कमी झालं.

ते एकदा म्हणजे ऑगस्टमध्ये, खालच्या होजवर. क्लिपची पट्टी स्टेनलेसची, पण स्क्रू साध्या लोखंडाचा. तीन महिन्यांच्या पावसात तो गंजला आणि नीट आवळताच येईना. घेताना स्क्रूला लोहचुंबक लावून बघा. जोरात चिकटला तर ती क्लिप घेऊ नका. आता मोठ्या होजवर स्प्रिंगच्या क्लिपा आहेत. रबर आकसलं तरी त्या मागोमाग आवळतात.

तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) बघावं. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत मोठ्या टप्प्यात मध्यभागीच थांबून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. सपाटीला 86–90, साखरप्याहून आंबा घाट चढताना एसीसह 97. गणपतीच्या गर्दीत महामार्गावर तासभर रांगेत 99 पर्यंत गेलं आणि फॅनने खाली आणलं. झाकण चांगलं असेल तर 50:50 मिश्रण सव्वाशेच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला नाही तर 107–108 लाच. दोनेकशे रुपयांच्या झाकणावर घाट अवलंबून असतो तो असा.

गळती थांबवणारी पूड या गाडीत घातली नाही आणि कुणी घालू नये. ती भोक बुजवते तशी हीटर कोअरही बुजवते. काढलेलं कूलंट पऱ्यात (ओढ्यात) किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-गुरं पितात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. वेगळ्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल जिथे देता तिथेच द्या.