पत्र्याचा घाम: क्रीडा सभागृहाच्या पासाचे सात महिने

खानापूर रोडच्या बाजूला झालेल्या बहुउद्देशीय सभागृहाचा मासिक पास मी मार्चमध्ये माझ्यासाठी आणि नववीतल्या मुलीसाठी घेतला. आत काय आहे हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको: आठवडाभर बॅडमिंटन, आणि शनिवार-रविवारी मॅट गुंडाळून त्याच जागेवर मुलांच्या फुगवलेल्या घसरगुंड्या व जादूचे प्रयोग. जुलैतील एका सोमवारी सकाळी साडेसहाला मुलगी नेटजवळ पडणारे शटल उचलायला धावली, घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. तिचा सराव तीन आठवडे बंद राहिला. त्यामुळे या अभिप्रायात मी प्रामुख्याने त्या ओल्या जमिनीबद्दलच लिहिणार आहे.

मी हात फिरवून पाहिले, तेव्हा मॅटवर रुपयाएवढे पाण्याचे ठिपके एका सरळ रेषेत पडलेले होते आणि वर पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी पट्टीवर तशाच ओळीने थेंब लटकत होते. छप्पर गळते, असा निष्कर्ष काढून मी लेखी तक्रार दिली. कार्यालयातून उत्तर आले की पावसाळ्यात असे होतेच. बुडालेल्या तीन आठवड्यांचे सुमारे पावणेसातशे रुपये पुढच्या पासात वळते करण्याची विनंतीही नियमावर बोट ठेवून नाकारली गेली. हा राग अजून गेलेला नाही.

छपराबाबतचे माझे मत मात्र मला बदलावे लागले. मुलीला पोहोचवणे बंद असले तरी मी स्वतः रोज खेळायला जात होतो, आणि त्या पंधरवड्यात बुधवार-गुरुवारी धो धो पाऊस पडूनही कोर्ट कोरडे राहिले. ओल दिसली ती फक्त सोमवारी. उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी कारण सांगितले. पावसामुळे रविवारी सगळे दरवाजे बंद असतात, शेकडो माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ आत कोंडते, आणि बाहेरून पावसाने गार पडलेल्या पत्र्याला ती लागली की तिचे पाणी होते. यालाच आपण पत्र्याला घाम येणे म्हणतो. त्यात शटल वाऱ्याने भरकटते म्हणून खेळाच्या वेळी मोठे एक्झॉस्ट पंखे बंद ठेवावे लागतात, आणि सोळा पिसांचे, साडेपाच ग्रॅमपेक्षाही हलके शटल पाहता ते योग्यच आहे. पण रविवारी रात्री खेळ नसतानाही वीज वाचवण्यासाठी ते बंदच राहत होते.

हे मी रखवालदार मामांना समजावून सांगितले. कार्यालयाने जे महिनाभर ऐकले नाही, ते त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकले आणि प्रयोग संपल्यावर दोन तास पंखे चालू ठेवून मगच मॅट अंथरायला सुरुवात केली. ऑगस्टमधील चारही सोमवारी मी पांढरा रुमाल कोर्टाच्या कडेपासून कडेपर्यंत फिरवला. तो कोरडा निघाला. मामांचे मनापासून आभार.

मनोरंजनाच्या बाजूबद्दल थोडेच. तिकीट परवडते, स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत आणि माझ्या आईला जिना न चढता आत जाता येते. मात्र सपाट जमिनीवरच्या खुर्च्यांमुळे मागच्या मुलांना काहीच दिसत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आखाडा खाली आणि प्रेक्षक उतरणीवर असल्याने शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते, तेवढा विचार इथे कोणी केलेला नाही.

ओलसर असतानाच गुंडाळल्यामुळे दोन नंबरच्या कोर्टावरील मॅटची कड अजूनही बोटभर उचललेली आहे. तिथे चिकटपट्टी लावली जाते आणि आठवड्यात सुटते. मुलगी आता पुन्हा खेळते, पण त्या कोर्टावर मी तिला उतरू देत नाही.

ऑक्टोबरचे पैसे मी भरले आहेत. तीन महिन्यांचा सवलतीचा पास मात्र ती मॅट बदलेपर्यंत आणि पत्र्याला आतून उष्णतारोधक थर बसेपर्यंत मी घेणार नाही.