एबीएसाठी ॲनालिस्ट निवडताना: दोन ठिकाणांचा वापरानंतरचा अनुभव (डेटा शीट नीट बघा)

मुलाच्या जुन्या थेरपी सेंटरने परवा डिपॉझिट परत द्यायला साफ नकार दिला आणि वर 'एवढी प्रगती झालीये, पालक म्हणून एक छोटासा व्हिडिओ करून द्या' अशी मागणी केली. म्हणून आज हे सगळं लिहून काढतेय. सेंटरचं नाव देत नाही. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, ऑटिस्टिक मुलांसाठी वापरली जाणारी वर्तनावर आधारित थेरपी.

लेक सात वर्षांचा, ऑटिस्टिक. शब्द थोडे, समज भरपूर. ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी आधीपासून चालू होती. नाशिकहून मुंबई-पुण्याला सारखं जाणं-येणं नोकरी सांभाळून जमणारं नव्हतं, म्हणून घराजवळचं सेंटर घेतलं. रोज दोन तास, तीन महिन्यांची फी आगाऊ, डिपॉझिट वेगळं. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'बीसीबीएच्या देखरेखीखाली'. बीसीबीए म्हणजे बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट, मुलाचा प्रोग्राम आखणारी प्रमाणित व्यक्ती.

आता डेटा शीट, म्हणजे सेशनमधल्या मुलाच्या प्रत्येक उत्तराच्या नोंदीचा कागद. मी पतसंस्थांच्या ऑडिटचं काम करते. आकडे फार सारखे दिसले की माझी नजर तिथेच अडते. महिनाअखेरीस मिळालेल्या शीटवर 'नाकाला हात लाव' ८० टक्के, 'लाल दे' ८० टक्के, 'सारख्याला सारखं लाव' ८० टक्के. ज्या दिवशी त्याला ताप भरला आणि आम्ही त्याला अर्ध्या तासात घरी आणलं, त्या दिवशीही सगळ्या ट्रायल (सूचना-उत्तराच्या फेऱ्या) पूर्ण आणि ८०. एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेल्या व्हाउचरसारखी ती शीट होती. दुसऱ्या दिवशी काचेतून बघत उभी राहिले. थेरपिस्ट ताईंनी सेशनभर पेन हातात घेतलं नाही. पुढचं मूल दारात आल्यावर त्यांनी घाईघाईने रकाने भरले. त्या थेरपिस्ट मुलीवर माझा राग नाही. तिला एकामागून एक मुलं दिली होती आणि तिच्या कामावर नजर टाकायला कोणीच येत नव्हतं.

कोणाला वाटेल, मूल खूश आहे ना, मग कागदाचं एवढं काय? एबीएमधून डेटा काढून टाकला तर टेबल, खुर्ची आणि चॉकलेटं उरतात. आलेख वर चढतोय, सपाट झालाय की खाली येतोय हे बघून ॲनालिस्टने प्रोग्राम बदलायचा असतो. बऱ्याच ठिकाणी ८० किंवा ९० टक्के सलग काही सेशन टिकले की ते उद्दिष्ट पूर्ण धरतात. मग रोज ८० येत असताना तीच उद्दिष्टं महिनोन्‌महिने का चालू होती? हा प्रश्न मी लेखी विचारला. उत्तर आलं, 'ऑटिझममध्ये वेळ लागतो, मॅडम.' मुलाचा वेळ आणि माझे पैसे, दोन्ही त्या सपाट ८० मध्ये गेले.

मग बीसीबीए कोण ते शोधलं. प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचं, म्हणजे बीएसीबीचं, रजिस्टर त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येतं. नाव टाकायचं, प्रमाणपत्र चालू आहे का बघायचं. आमच्या 'सीनियर मॅडम'चं नाव तिथे बीसीबीए म्हणून नव्हतं. त्यांनी ४० तासांचं प्रशिक्षण केलेलं होतं. ४० तास ही आरबीटीची, म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली सेशन घेणाऱ्या तंत्रज्ञाची पायरी. बीसीबीएला मास्टर्स पदवी, ठरलेला अभ्यासक्रम, साधारण १,५०० ते २,००० तासांचं देखरेखीखालचं काम आणि वर परीक्षा लागते. शिवाय आरबीटीच्या महिन्याच्या तासांपैकी निदान ५ टक्के तास देखरेखीचे असावे लागतात. आमचे महिन्याचे साधारण ४० तास व्हायचे, म्हणजे दोन तास. आम्हाला दोन मिनिटंही कोणी दिली नाहीत.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्या नव्या उमेदवारांचे अर्ज हे बोर्ड घेत नाही. आधी मिळालेलं प्रमाणपत्र ज्यांनी टिकवलंय ते अजूनही बीसीबीए आहेत. पण इथे बसून 'आत्ताच बीसीबीए झालो' असं कोणी सांगितलं तर नीट चौकशी करा. आता इथे आयबीए, क्यूबीए अशी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं दिसतात. ती खोटी नाहीत, फक्त ज्या त्या संस्थेकडे नाव पडताळून घ्या. आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आहेत, बिहेवियर ॲनालिस्ट हा वर्ग नाही. त्यामुळे 'आम्ही आरसीआय रजिस्टर्ड आहोत' हे स्पेशल एज्युकेटरबद्दल खरं असू शकतं, पण एबीएबद्दल त्यातून काहीच कळत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत बिहेवियरल ॲनालिस्ट आलाय. मी निवड करत होते तेव्हा मात्र तपासायला असं सरकारी रजिस्टर हाताला लागलं नाही.

सेंटर सोडलं. ओळखीतून बंगळूरुच्या एक बीसीबीए मिळाल्या. नाव तपासलं, प्रमाणपत्र चालू. त्यांच्या देखरेखीखाली नाशिकमधलीच एक ताई घरी येते आणि मॅडम व्हिडिओवरून सेशन बघतात. सुरुवातीला मला हे अजिबात पटलं नव्हतं. स्क्रीनवरून बघायचे तासाला एवढे पैसे? तेवढ्या पैशांत घरी आणखी एक सेशन झालं असतं. पहिल्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलंही, देखरेख अर्धी करून टाकू.

मनगट चावण्याच्या प्रकारानंतर माझं मत पूर्ण बदललं. लेक टेबलावर बसला की थोड्या वेळाने किंचाळायचा आणि मनगट चावायचा, अगदी वळ उठेपर्यंत. जुन्या सेंटरचं निदान ठरलेलं: 'अटेन्शनसाठी करतो, लक्ष देऊ नका.' थांबला नाही की 'टाइम आउट', म्हणजे कोपऱ्यातल्या चटईवर. मॅडमनी आधी काहीच करायला सांगितलं नाही. चावण्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच आम्हाला लिहायला लावलं. मी, ताई आणि सासूबाईसुद्धा लिहायचो. वहीत चित्र स्पष्ट झालं. कोडं सोडवताना कधीच नाही. कोडं काढून घेऊन पाटी पुढे ठेवली की लगेच. लक्ष वेधायचा प्रश्नच नव्हता, त्याला पाटीपासून सुटका हवी होती. आणि चावलं की त्याला चटईवर पाठवत होते. म्हणजे त्याला हवं तेच देत होते! त्या तीन महिन्यांत चावणं का वाढलं, याचं उत्तर मला मिळालं.

मग त्यांनी त्याला 'थांब' लिहिलेलं, हाताच्या तळव्याचं चित्र असलेलं कार्ड शिकवलं. कार्ड दिलं की लगेच, न कुरकुरता, थोडा वेळ सुट्टी. कोडं संपण्याआधी 'आता अजून दोन तुकडे, मग पाटी' अशी पूर्वसूचना. चावण्याच्या जागी तेच काम करणारं बोलणं शिकवायची ही पद्धत कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली. इतकी जुनी गोष्ट सेंटरला ठाऊक नसावी याचा मला अजून संताप येतो. पहिले काही दिवस तो कार्डामागून कार्ड देत राहिला. ताई हिरमुसल्या. मॅडम म्हणाल्या, देऊ दे, आधी त्याचा कार्डावर विश्वास बसू दे. आता तो दिवाळीच्या गर्दीत मामाच्या हातात कार्ड ठेवून आतल्या खोलीत जातो. मनगटावर नवा वळ नाही.

आणि डेटा शीट! ताई प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे खूण करते. आलेख वेडावाकडा, एक दिवस ३०, एक दिवस ७०, मध्ये सर्दी झाली तेव्हा खड्डा. मला तो फार आवडतो, कारण तो माझ्या मुलाचा आहे.

एबीएमध्ये मुलाला जबरदस्तीने 'नॉर्मल' दिसायला लावतात, असे ऑटिस्टिक प्रौढांचे आक्षेप मी वाचलेत आणि ते मला गंभीर वाटतात. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या एबीएवरच्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला ४० तासांची थेरपी होती आणि शारीरिक शिक्षेचाही वापर होता. म्हणून पहिल्याच कॉलवर मॅडमना विचारलं, तो आनंदात हात फडफडवतो, ते थांबवणार का? त्या म्हणाल्या, 'त्याला किंवा कोणाला इजा होत नाही, मग मी ते कशाला थांबवू?' डोळ्यांत बघायला लावण्याचं उद्दिष्टही त्यांनी ठेवलं नाही. जुन्या सेंटरमध्ये 'लुक ॲट मी' सगळ्यात वर होतं.

व्हिडिओचं आता कळलं. बोर्डाच्या २०२२ पासूनच्या आचारसंहितेप्रमाणे चालू क्लायंटकडे जाहिरातीसाठी शिफारस मागता येत नाही. मूल तिथे असतानाही सेंटरने आमच्याकडे दोनदा मागितली होती. भिंतीवर पालकांचे व्हिडिओ फिरत असतील तर तो गुण समजू नका.

पैसे. तासाचा दर इथे जास्त आहे, पण मॅडमनी स्वतःहून तास कमी केले, कारण शाळेत शॅडो टीचरबरोबर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या शिक्षिकेबरोबर) त्याचा जम बसला. महिन्याचा खर्च जवळपास तेवढाच येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर अपंग अवलंबितासाठीची (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट, तीव्र अपंगत्वाला १,२५,०००, सोडू नका. निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं कवच एक लाखाचं आहे, ते जरूर घ्या, मात्र वर्षभराची एबीए त्यातून निघणार नाही.

तक्रारीही आहेत. चोवीस तास आधी न कळवता सेशन रद्द केलं तर पूर्ण फी; मुलाला ताप चोवीस तास आधी सांगून येत नाही. यावर आमचं बोलणं चालू आहे. अहवाल इंग्रजीत येतो, तो सासूबाईंना वाचता येत नाही, आणि दुपारभर मुलाजवळ त्याच असतात. आता मॅडम त्यांच्यासाठी मराठीत दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात.

या आठवड्यात कोणी डेमो सेशनला जाणार असेल तर शीट आधी कोरी मागून बघा. नमुना म्हणून दुसऱ्या मुलाची नावासकट शीट पुढे केली तर तिथूनच परत फिरा. मग थेरपिस्टच्या हाताकडे बघा, मूल उत्तर देतं त्या क्षणी पेन चालतंय का. आणि मूल 'नको' म्हणालं की समोरची व्यक्ती थांबते का, तेही तिथेच बघून घ्या.