एचएमटी जनताची काच: पॉलिशची नळी, नवी काच आणि पावसाळ्यानंतर बदललेलं मत

17 ज्वेलचं, रोज चावी द्यायचं एचएमटीचं जनता हे मनगटी घड्याळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मशीनबद्दल काही लिहीत नाही. हा अनुभव फक्त काचेचा: काचेवरचे चरे घालवणाऱ्या पॉलीवॉच पेस्टची 5 ग्रॅमची नळी आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली नवी काच. नळीला पाच तारे. काचेला आधी चार दिले होते, पावसाळ्यानंतर दोनच उरले.

आधी काच कुठली ते ओळखा, कारण ही नळी फक्त पारदर्शक प्लास्टिकवर, म्हणजे अ‍ॅक्रिलिकवर चालते. नखाने टिचकी मारली की अ‍ॅक्रिलिकचा आवाज बद्द येतो, खऱ्या काचेचा टणक. ओठाला टेकवली तर खरी काच गार लागते, अ‍ॅक्रिलिक तितकं नाही. अ‍ॅक्रिलिकवर बारीक चरे भरपूर असतात. मिनरल म्हणजे खऱ्या काचेवर चरे कमी, पण कडेला टवके. जुनी जनता आणि एचएमटीचीच पायलट घड्याळं अ‍ॅक्रिलिकचीच असतात, मात्र मधल्या काळात कुणी मिनरल काच बसवली असेल तर कितीही घासा, ओरखडा जात नाही.

पॉलिशआधी पट्टा काढा आणि बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या धातूच्या कड्यावर, कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर मुलामा घासला जातो. नखाला अडकणारा चरा असेल तर एकट्या नळीने भागत नाही. पाण्याचा थेंब टाकून आधी 1000 नंबरचा वॉटर पेपर, मग 1500, मग 2000. कागद बदलला की घासायची दिशाही बदला, एकदा उभी, एकदा आडवी. आधीच्या रेषा पुऱ्या गेल्या की नाही, ते त्यावरूनच कळतं. शेवटी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि सुती कापड, दोन-तीन मिनिटं जोर देऊन. पॉलिशची मोटर मुळीच लावू नका, तिने काच तापते आणि अ‍ॅक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं. टूथपेस्टने वरवरची धूसरता जाते, खोल चरा जात नाही आणि बेझलच्या फटीत पांढरा थर बसतो. एवढ्याशा नळीची किंमत आधी डोळ्यांत खुपते, पण एका घड्याळाला दाणाभरच लागते. घरातली सगळी जुनी घड्याळं त्यात होतात.

कडेच्या केसासारख्या भेगा मात्र कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. काच खाचेत दाबून बसवलेली असते, कडेवर सतत ताण असतो, आणि त्यावर सॅनिटायझर, सेंट किंवा स्पिरिटचा बोळा लागला की ताणाच्या जागी भेग पडते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही नको. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड पुरतं.

भेगा पडलेली काच बदलावीच लागते. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्राने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे आता भिस्त जुन्या साठ्यावर किंवा इतरांनी बनवलेल्या मालावर. नवी काच उन्हाळ्यात सुरेख दिसली: डोम, म्हणजे काचेचा फुगवटा, बरोबर, काच नितळ. जूनमध्ये डायलवर धुकं धरलं. अंगठ्याने दाबून फिरवली तर काच सरळ फिरली. विक्रेत्याचं एकच पालुपद: "जनतासाठीच आहे." परत घेतली नाही, याचा अजून राग आहे.

"जनतासाठी" हे काही माप नाही. बाजारात फिरणाऱ्या कित्येक जनतांच्या केस, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डब्या, बदललेल्या असतात. शिवाय विक्रेते जुन्या काचेचं माप मागतात, आणि जुनं अ‍ॅक्रिलिक आक्रसलेलं असू शकतं. माप केसच्या खाचेचं घ्या, व्हर्नियर या बारीक मापाच्या अवजाराने, दोन-तीन दिशांनी, कारण झिजलेली केस पुरती गोल राहत नाही. आतून धातूची रिंग नसलेली साधी काच खाचेपेक्षा 0.1 ते 0.3 मिलिमीटर मोठी हवी. त्याहून लहान असली तर फिरते आणि दमट हवा आत घेते. फार मोठी असली तर कडेवरचा ताण वाढतो आणि पुन्हा त्याच भेगा. एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून असताना मालाच्या वर्णनात व्यास दशांशात न देणं अक्षम्य आहे.

सैल काच दुरुस्तीवाल्याकडे नेली की तो फेविक्विकची नळी काढतो. हात धरा त्याचा. त्या गोंदाची वाफ काचेच्या आतल्या बाजूला आणि डायलवर पांढरी बसते, आणि डायलवरून ती सुखरूप काढणं जवळपास अशक्य. योग्य मापाच्या साध्या काचेला गोंद लागतच नाही. पंजासारख्या अवजाराने कड आवळायची, खाचेत टेकवायची आणि सोडायची.

काच बसल्यावर उंची तपासा. डोम बुटका असेल तर सेकंद काट्याचा मधला भाग काचेला टेकतो आणि घड्याळ थांबतं. मग मशीन बिघडल्याचा संशय येऊन विनाकारण सर्व्हिसिंग गळ्यात पडतं. दुकानातच पूर्ण चावी द्या, तिन्ही काटे 12 वर एकावर एक येऊन पुढे सरकेपर्यंत थांबा, काच अंगठ्याने फिरवून पाहा, आणि मगच पैसे द्या.