सत्तरीनंतरचा व्यायाम: चालणं, ताकद की तोल?

‘बाबा रोज सकाळी पाऊण तास फिरून येतात, त्यांना आणखी कशाला व्यायाम?’ हे घरोघरी ऐकू येतं. फिरणं चांगलंच आहे. पण फिरून आलेले हेच बाबा सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा देत असतील, तर त्यांना आणखी फिरायला लावून उपयोग नाही. त्यांची अडचण मांड्यांच्या ताकदीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही पासष्टीपुढच्यांसाठी या गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचा एकत्रित सराव.

आधी चालण्याबद्दल. खर्च नाही, शिकावं लागत नाही, चार माणसं भेटतात. रक्तदाब, साखर, झोप, सगळ्यालाच फायदा होतो. मेंदूच्या बाबतीत २०११ चा एक अमेरिकी प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले, उरलेल्यांनी स्ट्रेचिंग वगैरे केलं. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग, सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटाचा साधारण १.४ टक्के घटला. मात्र ही मंडळी गप्पा मारत रमतगमत फिरत नव्हती. दहा मिनिटांपासून सुरुवात करून चाळीस मिनिटांपर्यंत गेली होती आणि हृदयाचे ठोके वाढतील अशा गतीने चालत होती. घरी ओळखायची खूण सोपी: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

ताकदीच्या व्यायामाला आपल्याकडे ‘या वयात कसलं जिम?’ म्हणून बाजूला सारलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. वजनही नावापुरतं नव्हतं. ज्याला जास्तीत जास्त जेवढं पेलवेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेलं. नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मेंदूलाही याचा उपयोग होतो. २०१० मध्ये व्हँकुव्हरमध्ये ६५ ते ७५ वयाच्या बायकांनी वर्षभर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनं उचलली, तर लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचणीत त्या सुधारल्या.

जिम गाठायलाच हवं असं नाही. बिनहातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून बसा, पावलं थोडी मागे घ्या, हात छातीवर दुमडा. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना मनात चार अंक मोजत हळूहळू खाली या. बहुतेक जण इथे धपकन बसतात आणि निम्मा व्यायाम वाया घालवतात. श्वास रोखायचा नाही. पायांची ताकद जोखायची असेल तेव्हा मात्र बसताना अंक न मोजता नेहमीच्या गतीने ३० सेकंदांत किती वेळा उठबस जमते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषाला बारापेक्षा किंवा बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय कमजोर झालेत आणि पडण्याचा धोका आहे असं धरतात. जमू लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. वजन वाढवत नेलं नाही तर ताकद वाढायची थांबते.

तोलाच्या सरावाचा थेट फायदा म्हणजे पडणं कमी होतं. शंभराहून अधिक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्र अभ्यास झाला. त्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि भक्कम पुरावा होता तो तोलाच्या व रोजच्या हालचालींच्या व्यायामाचा. नुसत्या चालण्याचा तसा नव्हता. ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचे निकालही चांगले आहेत, पण आपल्या गावात शिकवणारा मिळणं कठीण. योगवर्ग मात्र गल्लोगल्ली आहेत. तिथे उभी आसनं किती घेतात ते आधी विचारा. तासभर बसून प्राणायाम केल्याने मन शांत होईल, पण ओल्या न्हाणीघरात पाय सावरणार नाहीत. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं ठेवत चालणं, इथून सुरुवात पुरे. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकायची आसनं टाळा.

विसराळूपणासाठी व्यायाम हवा असेल, तर अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांनी भाग घेतलेल्या प्रयोगात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण चालणं, ताकद आणि तोल एकत्र घेतलेल्या गटात ३०.१ टक्के होतं, तर हा व्यायाम न केलेल्या गटात ३५.५ टक्के. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांवरच्या २०१८ च्या ब्रिटिश प्रयोगात अंगातली ताकद वाढली, विसरणं काही मंदावलं नाही. तेव्हा व्यायामाने स्मृतिभ्रंश बरा करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग निवड कशी करायची? रोज चालणाऱ्यांनी दोन दिवस चालणं थोडं आवरून तो वेळ खुर्चीच्या व्यायामाला द्यावा. गेल्या वर्षभरात पडलेल्यांनी किंवा पडण्याच्या भीतीने घराबाहेर न निघणाऱ्यांनी आधी फिजिओथेरपिस्टकडून पाय आणि तोल पक्के करून घ्यावेत. झपाझप चालणं नंतर. काहीच न करणाऱ्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, थोड्याशा श्रमानेही धाप लागत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच यातलं काही सुरू करा.