0 ते 100 चा हिशोब: रिमॅप केलेली व्हीआरएस, कॅल्क्युलेटर ॲप आणि जीपीएस बॉक्स

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, 2017 ची. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), 350 न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. कंपनीचा 0 ते 100 चा, म्हणजे थांबलेल्या गाडीने ताशी 100 किमी गाठण्याचा, आकडा 6.8 सेकंद. रिमॅपच्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याच्या, आधीपासून दोन गोष्टी वापरतोय: वजन आणि ताकद टाकली की वेळ सांगणारं एक ॲप, आणि डॅशबोर्डवर ठेवायचा 10 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा वेग मोजणारा, जीपीएस बॉक्स. गारठा आणि कडक ऊन दोन्ही बघून झालंय, म्हणून आता लिहितो.

ॲपच्या आत फार मोठी जादू नाही. पॅट्रिक हेल यांचं सूत्र आहे. वजन पौंडात घ्यायचं, अश्वशक्तीने भागायचं, घनमूळ काढायचं, 5.825 ने गुणायचं. क्वार्टर माइलची, म्हणजे 402 मीटरची वेळ मिळते. भागाकार उलटा करून त्याचं घनमूळ 234 ने गुणलं की शेवटच्या टोकाचा वेग मिळतो, ताशी मैलांत. खरी मेख त्या घनमुळात आहे. ताकद 30 टक्क्यांनी वाढवली तर वेळ जेमतेम 8 टक्क्यांनी उतरते. वेळ निम्मी करायची तर ताकद आठपट हवी! ट्यूनरच्या, म्हणजे रिमॅप करून देणाऱ्याच्या, दुकानात हे गणित कुणी मांडून दाखवत नाही.

वजन ब्रोशरमधून उचलू नका. कुठे चालकाचे 75 किलो धरलेले असतात, कुठे नाही. मी सरळ हायवेवरच्या वजनकाट्यावर गेलो. दोन ट्रकच्या मध्ये माझी गाडी बघून काटेवाल्याने विचारलं, "भरलीये का खाली?" मी आत, टाकी अर्धी, पावती आली 1500 किलो. हा आकडा घातल्यावर ॲप म्हणालं 14.2 सेकंद, ताशी 154 किमी. बंद धावपट्टीवर स्टॉक, म्हणजे रिमॅपच्या आधीच्या, गाडीने वेळ दिली पंधराच्या आसपास, वेग मात्र बरोबर 154. म्हणजे वेग जुळला, वेळ हुकली. पुढेही दर वेळी हेच झालं.

कारण सुटताना आहे. 100 चा वेग म्हणजे 1500 किलोच्या गाडीत साधारण 579 किलोज्यूल गतिज ऊर्जा. 230 पीएस पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळाले असते तर 3.4 सेकंदांत काम झालं असतं. प्रत्यक्षात लागतात त्याच्या दुप्पट. सुटताना गाडीचा भार मागे सरकतो आणि नेमकी ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. साध्या रोड टायरवर अशी गाडी फार तर अर्ध्या जीने, म्हणजे गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाने, सुटते, आणि अर्ध्या जीने शेवटपर्यंत खेचली तरी 100 ला साडेपाच सेकंदांच्या वरच लागतात. बॉनेटखाली 300 पीएस असोत की 400. मित्राची बीएमडब्ल्यू एम340आय चारही चाकांवर ओढते. 387 पीएस, कंपनीचा आकडा 4.4. तिथे हाच गुणाकार दुपटीच्या जरा खाली येतो. ॲपमध्ये 'फ्रंट व्हील ड्राइव्ह' निवडायची सोय आहे खरी, पण ती सरसकट थोडे पॉइंट वाढवते, टायर कुठला हे विचारतसुद्धा नाही.

मग रिमॅप. माझं 0 ते 100 सातवरून 6.4 वर आलं. एवढ्या पैशांत एवढंच? पण 100 ते 200 साडेअठरावरून पंधराच्या आत आलं, आणि पैसे तिथे गेले होते. ताकद मोजायची तर हा आकडा बघा. 0 ते 100 हा बराचसा टायरचा आणि लाँचचा, म्हणजे सुटण्याचा, आकडा आहे.

ट्यूनरचं नाव घेत नाही. कागदावर 300 पीएस लिहून दिले होते. धावपट्टीच्या टोकाला वेग आला 163. सूत्र उलटं फिरवलं तर निघतात सुमारे 272 पीएस. याच हिशोबाने स्टॉक गाडीचे 229 निघाले होते, म्हणजे हिशोबात खोट नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, "सर, ऊन होतं." ऊन होतंच, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की लागोपाठचा दुसरा रन पहिल्यापेक्षा ढिला पडतो हे मीही पाहिलंय. पण म्हणून 28 पीएस? डिसेंबरच्या सकाळी, टाकीत 100 ऑक्टेन पेट्रोल घालून काढलेला रनही कागदापर्यंत पोचला नाही.

बॉक्स मला ॲपपेक्षा जास्त आवडला. सेटिंगमध्ये 'वन फूट रोलआउट' असतं, ते बंद ठेवा. अमेरिकन ड्रॅग स्ट्रिपवर गाडी पहिला फूटभर सरकली की घड्याळ सुरू होतं, तिथली ही पद्धत. चालू केलं की 0.2 ते 0.3 सेकंद आपोआप गळतात. नेटवर कुणी आकडा टाकला की आधी हे विचारा, आणि मग हेही की 0 ते 100 आहे की 0 ते 60 मैल, कारण 60 मैल म्हणजे 96.6 किमी. उताराचंही तसंच. एक टक्का उतार डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या गाडीला दीड दशांश सेकंद फुकट देतो. बॉक्स असा रन लाल करून दाखवतो, ते उत्तम. पहिल्या दोनेक मीटरमध्ये मात्र 10 हर्ट्झ कमी पडतात; चाकं घसरली का, किती घसरली, हे त्यातून कळत नाही. 25 हर्ट्झचे बॉक्स मिळतात, बजेट असेल तर तेच घ्या.

आणि रन काढायला बायपास नको, रात्री तर अजिबात नको. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरते तशा ठिकाणी जा. 100 ते 200 ला आणि त्यानंतर थांबायला जागा लागते ती तिथेच मिळते.

ॲपची वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय, भरणार नाही. सूत्र वहीत उतरवून ठेवलंय. त्या पैशांत आधी पुढचे दोन टायर.